ग्राफिक्स कार्ड बदलण्यापूर्वी: मोठ्या रिझोल्युशनसाठी घरच्या संगणकाची तयारी



आपल्या मंडळातील बऱ्याच घरांत आता गेमिंगचा संगणक आहे. मुले बारावीनंतर अभियांत्रिकीला किंवा डिझाइनला जातात, अभ्यासासाठी म्हणून संगणक जोडून घेतला जातो आणि दोन-तीन वर्षांत मागणी येते की आता ग्राफिक्स कार्ड बदलायचे आहे. रक्कम वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या वर कुठेही असू शकते. घरातल्या ज्येष्ठांना हा विषयच नवा, त्यामुळे एक तर सरळ नकार मिळतो, नाही तर डोळे मिटून पैसे दिले जातात. आम्ही डोळे मिटून पैसे दिले आणि त्याचा भुर्दंड सोसला. त्यानंतर हा विषय मुळापासून समजून घेतला. त्याची ही टिपणे ज्येष्ठांसाठी आहेत, तशीच मागणी करणाऱ्या मुलांसाठीही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. क्रम असा ठेवावा: आधी पडदा, मग एसएमपीएस, मग कार्ड. बहुतेक घरांत तो उलटा होतो आणि नुकसान तिथेच होते.

रिझोल्युशन म्हणजे काय

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती, हे सांगणारा आकडा म्हणजे रिझोल्युशन. सध्या तीन प्रकार चालतात:

१०८०पी किंवा फुल एचडी: १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके.
१४४०पी किंवा क्यूएचडी: २५६० × १४४०, म्हणजे सुमारे ३६.९ लाख ठिपके.
फोर-के: ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८२.९ लाख ठिपके.

ठिपक्यांच्या रांगोळीचे उदाहरण घ्या. अकरा ठिपके अकरा ओळी म्हणजे १२१ ठिपके. बावीस ठिपके बावीस ओळी काढायला बसलो तर ते ४८४ होतात. बाजू दुप्पट झाली, काम चौपट झाले. फुल एचडीवरून फोर-केवर जाताना नेमके हेच होते. रांगोळी काढणारा हात म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि हात तोच ठेवून अंगण चौपट केले की रांगोळी वेळेत पुरी होत नाही.

यात दुसरा आकडा वेगाचा. गेममध्ये ही रांगोळी एका सेकंदात अनेक वेळा पुसून नव्याने काढावी लागते. दर सेकंदाला किती चित्रे तयार झाली, त्याला एफपीएस म्हणतात. मॉनिटर सेकंदाला किती चित्रे दाखवू शकतो, ते हर्ट्झमध्ये सांगतात. साधा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो, गेमिंगचा १४४ किंवा त्याहून अधिक. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की खरा बोजा कळतो:

१०८०पी, ६० हर्ट्झ: सेकंदाला सुमारे १२.४ कोटी ठिपके.
१०८०पी, १४४ हर्ट्झ: सुमारे २९.९ कोटी.
फोर-के, ६० हर्ट्झ: सुमारे ४९.८ कोटी.
१४४०पी, १४४ हर्ट्झ: सुमारे ५३.१ कोटी.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा पाहा. १४४०पीचा वेगवान मॉनिटर पूर्ण वेगाने चालवायचा, तर फोर-केच्या साध्या मॉनिटरहून थोडे अधिकच ठिपके रंगवावे लागतात. म्हणून "आम्ही फोर-के घेत नाही, मधला घेतोय" एवढ्यावर खर्च कमी झाला असे समजू नये.

मॉनिटरचा आकारही पाहावा. चोवीस इंची पडद्याला १०८०पी पुरते, सत्तावीस इंचाला १४४०पी शोभते. हातभर अंतरावरून चोवीस इंची पडद्यावर फोर-केचा बारीकपणा बहुतेकांच्या डोळ्यांना फारसा जाणवणार नाही.

ग्राफिक्स कार्ड काय करते

संगणकाचा प्रोसेसर गेमची गणिते करतो: कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, पुढे काय घडणार. ते दृश्य रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डावरची जीपीयू ही चिप करते. जीपीयू हा शब्द १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड आणताना रूढ केला. आज बाजारात एनव्हिडियाची जीफोर्स, एएमडीची रेडिऑन आणि इंटेलची आर्क अशी तीन घराणी आहेत. एएमडीने २००६ साली कॅनडातील एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि रेडिऑन तिच्याकडे आले. इंटेलची आर्क कार्डे २०२२ पासूनची आहेत. जुन्या मदरबोर्डवर आर्क बसवण्यापूर्वी त्यात रिसायझेबल बार ही सोय आहे का ते पाहावे, नसल्यास कार्ड मंदावते.

कार्डाला स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. मोठ्या रिझोल्युशनला आणि बारीक तपशिलाच्या चित्रांना ती जास्त लागते. ती अपुरी पडली की गेम चालता चालता अडखळतो. ढोबळ मानाने नव्या, जड गेमसाठी १०८०पीला ८ जीबी, १४४०पीला १२ जीबी आणि फोर-केला १६ जीबी धरून चालावे.

दोष कार्डाचा की प्रोसेसरचा

खर्च करण्यापूर्वी ही चाचणी घरीच करता येते, तिला पैसे लागत नाहीत. गेम सुरू करून एफपीएसचा आकडा टिपून ठेवा. मग गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्युशन खाली आणा आणि तीच जागा पुन्हा खेळा.

आकडा चांगला वाढला, तर अडचण कार्डाची आहे. कार्ड बदलल्याने फायदा होईल.
आकडा जवळपास तोच राहिला, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. कितीही महाग कार्ड आणले तरी फरक पडणार नाही.

मोठ्या रिझोल्युशनला बोजा मुख्यतः कार्डावर येतो. त्यामुळे प्रोसेसर तीन-चार वर्षे जुना असला तरी १४४०पीवर किंवा फोर-केवर तो बहुधा निभावून नेतो.

गेम कोणता, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. सायबरपंक २०७७ सारखा गेम फोर-केवर चांगल्या चांगल्या कार्डांना घाम फोडतो. व्हॅलोरंट साध्या कार्डावर आनंदाने चालतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने २०२० साली केलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैलीच्या जोरावर डोळ्यांत भरतो, आणि त्यासाठी मध्यम कार्ड पुरते. मुलांना विचारावे: "तू खेळतोस ते तीन गेम सांग." मागणी गेमची आहे की मित्राच्या घरी पाहिलेल्या कार्डाची, ते या एका प्रश्नात कळते.

आधी करून पाहण्याचे फुकटचे उपाय

१. मॉनिटरची केबल मागे कुठे लावली आहे ते पाहा. ती मदरबोर्डच्या छिद्रात असेल, तर कार्ड असूनही वापरात नाही. ही चूक वाटते त्याहून अधिक घरांत सापडते.
२. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे हर्ट्झ तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन कित्येकजण तो ६० वरच चालवतात.
३. रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी घातल्याने काही गेमांत चांगला फरक पडतो. हा उपाय अगदी फुकट नाही, पण कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.
४. अपस्केलिंग वापरा. यात कार्ड लहान चित्र काढते आणि हुशारीने मोठे करून दाखवते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवर डीएलएसएस आहे. एएमडीने २०२१ मध्ये आणलेले एफएसआर पुष्कळ जुन्या कार्डांवर, अगदी दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालते. ही सोय गेममध्ये दिलेली असावी लागते.
५. सावल्या आणि प्रतिबिंबे यांची सेटिंग एक पायरी खाली आणा. चित्रात फरक थोडा, वेगात बराच.

एवढ्याने भागले तर लेख इथेच थांबवायला हरकत नाही.

एसएमपीएस: सर्वांत दुर्लक्षित भाग

आता आमच्या घरची हकिकत. नातवाच्या वाढदिवसाला आम्ही हौसेने फोर-के मॉनिटर आणला. त्याचे जुने कार्ड त्यावर गेम ओढू शकेना. तो बिचारा काही बोलला नाही, रिझोल्युशन खाली आणून खेळत राहिला. आम्हाला कळले तेव्हा वाईट वाटले आणि घाईने नवे कार्ड घेतले, १७० वॅटचे. जोडून देणाऱ्याने जुने एसएमपीएस तसेच ठेवले. त्यावर "४५० वॅट" लिहिले होते, त्यामुळे आम्हालाही शंका आली नाही. कार्डाला लागणारा आठ पिनी जोड त्यात नव्हता, तर दोन जुन्या जोडांतून अडॅप्टरची वायर काढून काम भागवले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जळका वास आला आणि संगणक बंद पडला. कार्ड वाचले. एसएमपीएस जळाले आणि जाताना हार्ड डिस्क घेऊन गेले. तिच्यावर आमच्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते आणि तिने सांगितलेल्या जुन्या इंदूरच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण होते. फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमधून बरेचसे परत मिळाले. आवाज मिळाला नाही. आई त्याआधीच गेली होती.

चूक कुठे झाली, ते नंतर लेबल नीट वाचल्यावर कळले. मोठ्या अक्षरांतला आकडा एकूण वॅटचा होता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या तारेवर चालतात, आणि त्या तारेपुढे लिहिले होते १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. कार्डाचे १७० आणि प्रोसेसरचे ६५ मिळून २३५ होतात. ठेवीपेक्षा उचल जास्त, असा साधा हिशेब होता, आणि जन्मभर बँकेत आकडे तपासून आम्हीच तो तपासला नव्हता.

म्हणून हे लक्षात ठेवावे:

मोठा आकडा न पाहता १२ व्होल्टचे अँपिअर पाहावे आणि १२ ने गुणावे.
कार्डाला वीज तीन वाटांनी मिळते. मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत, सहा पिनी जोडातून ७५ आणि आठ पिनी जोडातून १५० वॅटपर्यंत. जोड एसएमपीएसचाच असावा, अडॅप्टरचा नको.
कंपनी सुचवते तो आकडा पाळावा. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचे, त्याला ५५० वॅटचे एसएमपीएस सुचवले आहे. आरटीएक्स ४०७० २०० वॅटचे, त्याला ६५०. रेडिऑन आरएक्स ७८०० एक्सटी २६३ वॅटचे, त्याला ७००. ही मोकळीक उधळपट्टी नाही. कार्ड क्षणभरासाठी लेबलपेक्षा बरीच जास्त वीज ओढते.
८० प्लस ही खूण वीज वाया न घालवण्याची आहे. ती असावी, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. नावाजलेली कंपनी आणि पाच वर्षांच्या आसपास वॉरंटी पाहावी.
एका एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्याला लावू नयेत. जोड सारखे दिसले तरी आतली जुळणी वेगळी असू शकते.
नव्या महाग कार्डांना बारीक १६ पिनी जोड असतो. तो पूर्ण आत बसला नाही तर तापून वितळतो. बसवल्यावर फट राहिली नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे.

घरात यूपीएस असेल तर त्याचाही विचार करावा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. नवे कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून बोजा त्यावर गेला, की लाइट जाताक्षणी यूपीएसही बंद पडतो. अर्थिंग चांगले असणे तर आवश्यकच.

कार्ड निवडताना

नावातला आकडा पुरेसा नाही. एकाच नावाची कार्डे वेगवेगळ्या मेमरीची मिळतात. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीतही आहे आणि १६ जीबीतही. आरटीएक्स ३०६० १२ आणि ८ जीबी अशा दोन्हींत आहे. दुकानात "तेच कार्ड, दोन हजारांनी स्वस्त" असे ऐकले की आधी जीबी विचारावे.

खोक्याचा, म्हणजे कॅबिनेटचा, आतला माप घ्यावा. आजची मोठी कार्डे ३०० मिलिमीटरहून लांब आणि तीन खाचा अडवणारी असतात. कंपनीचा तयार, अरुंद ऑफिस संगणक असेल तर त्यात मोठे कार्ड आणि मोठे एसएमपीएस बहुधा बसतच नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हवा आत येणारा एक आणि बाहेर जाणारा एक असे पंखे हवेत. दिवाळीच्या साफसफाईत खोक्यातली धूळही काढावी.

केबलही तपासावी. फोर-के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० पुरते. फोर-के १२० हर्ट्झ हवे असेल तर एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ लागते, आणि ती सोय कार्ड व मॉनिटर दोन्हीकडे हवी.

खरेदी

इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाची दुकाने एकाखाली एक आहेत. तिथे दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा, ऑनलाइन भावाशी ताडून पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. कार्डावर १८ टक्के जीएसटी असतो. "बिनबिलाचे स्वस्त देतो" हा सौदा महागात पडतो, कारण वॉरंटी बिलावर आणि सिरियल क्रमांकावर चालते. तो क्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा.

जुने कार्ड घेताना एक गोष्ट माहीत असावी. इथेरियम या आभासी चलनाचे खनन ग्राफिक्स कार्डांवर होत असे. ते १५ सप्टेंबर २०२२ रोजी थांबले आणि दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. सगळीच खराब असतात असे नाही. पण समोर अर्धा तास जड गेम चालवून दाखवल्याशिवाय, पंख्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि उरलेली वॉरंटी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बसवण्याची पद्धत

१. सर्वांत आधी घरचे फोटो, कागदपत्रे, ध्वनिमुद्रणे यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.
२. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकावा. कंपनी बदलत असल्यास हे आवर्जून करावे.
३. संगणक बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे. खोक्याच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी.
४. विजेचे जोड काढावेत, पाठीमागचे स्क्रू सोडवावेत, खाचेच्या टोकाची खिटी दाबून कार्ड सरळ वर उचलावे. ओढाताण करू नये.
५. नवे कार्ड सर्वांत वरच्या लांब खाचेत खिटीचा आवाज येईपर्यंत बसवावे, स्क्रू आवळावेत, विजेचे जोड पूर्ण आत दाबावेत.
६. मॉनिटरची केबल कार्डालाच लावावी. ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा.
७. पहिला तासभर कोणी तरी जवळ बसावे. तापमान पाहावे आणि वास येतो का तेही पाहावे.

विजेचे बिल

जुने कार्ड ७५ वॅटचे आणि नवे २०० वॅटचे असेल, तर फरक १२५ वॅटचा. रोज तीन तास जड गेम खेळला तर महिन्याला सुमारे सव्वाअकरा युनिट वाढतात. आकडा लहान वाटतो. पण मध्य प्रदेशात गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरांना पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात. १४० युनिटांवर असलेले घर नव्या कार्डाने १५१ वर गेले, तर त्या महिन्याची सवलतच जाते. आपण कुठल्या बाजूला आहोत, ते मागची बारा बिले काढून पाहावे.

शेवटचा हिशेब

कागद घेऊन पाच ओळी लिहाव्यात: मॉनिटर, एसएमपीएस, कार्ड, प्रत ठेवण्यासाठी वेगळी डिस्क, आणि लागल्यास यूपीएस. पाचांची बेरीज हा खरा खर्च. ती अंदाजपत्रकात बसत नसेल तर कार्ड एक पायरी खालचे घ्यावे, पण एसएमपीएस आणि डिस्क यांना कात्री लावू नये. बेरीज नव्या संगणकाच्या निम्म्याहून वर जात असेल आणि प्रोसेसर सहा-सात वर्षे जुना असेल, तर थोडे थांबून पूर्ण संगणकच बदलणे परवडते.

हा कागद मुलांनीच भरावा आणि ज्येष्ठांनी तपासावा. आमचा नातू आता हे काम नातेवाइकांच्या घरीही करतो. कोणाचाही संगणक उघडण्यापूर्वी त्याचा पहिला प्रश्न कार्डाचा नसतो. "काका, फोटो दुसरीकडे ठेवलेत ना?" असे तो विचारतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.